जंगली बदामाची पाटी

कात्रजच्या सोसायटीतला जंगली बदाम तोडून तिथे चार गाड्यांची सोय करायची, असं कमिटीने ठरवलं, तेव्हा लेले सरांनी नुसता सुस्कारा सोडला. चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून ते पार दमले होते. पण झाड त्यांनीच लावलेलं, त्याच्यावर जीव होता. भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून पुणेकराने करावं तेच त्यांनी केलं. झाडाला पाटी लावली: 'स्टर्क्युलिया फेटिडा.'

सॉफ्टवेअरवाला चेअरमन सलिल खूश झाला. "सर, एकदम इंटरनॅशनल वाटतंय! राहू दे झाड. फक्त खाली मीनिंग टाका."

"नको रे."

"टाका हो, लोकांना नॉलेज मिळेल."

खोटा अर्थ लिहिणं सरांच्या हातून होणार नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'स्टर्क्युलियस – रोमनांचा शेणखताचा देव. फेटिडा – दुर्गंधी. फुलोरा फाल्गुनात.'

झालं! दर फाल्गुनात सोसायटीत घाण सुटायची आणि दर फाल्गुनात ड्रेनेजचं चेंबर उघडलं जायचं. खरा गुन्हेगार आता पाटीसकट सापडला. रविवारी झाड तोडायचं ठरलं.

"'सुवासिक' लिहायचंत," सरांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या. "कोण जाणार होतं रोमला विचारायला?"

शनिवारी, झाड ऐन फुलोऱ्यात असताना, सलिलचा रिकामा फ्लॅट बघायला तनया नावाची मुलगी आली. आल्या आल्या तिने नाक मुरडलं. "ड्रेनेजचा प्रॉब्लेम आहे का?"

सलिलला घाम फुटला. त्याने तिला थेट पाटीपाशी नेलं. "छे हो! वाचा ना, सायंटिफिक आहे. नुसतं झाड आहे ते!"

तनयाला पटलं, फ्लॅट विकला गेला. सोसायटीतल्या अजून तिघांना आपापले फ्लॅट विकायचे होते. त्यामुळे झाड आणि पाटी, दोन्ही जपायचा ठराव एकमताने झाला. सरांना बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली.

आषाढात तळमजल्यावरच्या सरांच्या मोरीतून घाण पाणी उलटं येऊ लागलं. त्यांनी सलिलला फोन लावला. "चेंबर उघडायला माणूस पाठव. वास सहन होत नाही."

"सर, ते झाड आहे."

"अरे, झाड फाल्गुनात फुलतं! हा आषाढ आहे!"

"मराठी महिन्यांचं मला काही कळत नाही, सर. पण पाटी तुम्हीच लिहिलीत ना? मीटिंगमध्ये आहे, ठेवतो."

सरांनी रिसीव्हर ठेवला. शैलाताई पदर खोचून बादलीने पाणी उपसत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "पावला हो तुमचा देव."