मकाबाईंचं ग्रीट

मंडळी, इंग्रजी मला कोणी शिकवलेलं नाही. मी त्याला एकट्यानं लोळवलंय! शहाद्याच्या बाजारात एक पुठ्ठा गेलेली डिक्शनरी मिळाली, तीच माझी शाळा. शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे एसपासून पुढचं इंग्रजी माझ्याशी जरा फटकून वागतं. पण आरपर्यंत? विचारा काय ते!

एवढ्या जोरावर नवापूरकडच्या डोंगरात, एका मिशनच्या शाळेत मी मास्तर झालो. शाळा मिस मॅके यांची. त्या स्कॉटलंडच्या. मॅके कोणाच्या जिभेवर बसेना, आणि बाईंचे केस तर अगदी कणसाच्या तुऱ्यासारखे. मग काय, झाल्या मकाबाई!

पहिल्याच दिवशी मी हजेरी घ्यायला उभा राहिलो.

"जेठ्या!"

"आय!"

"सुसाना!"

"आय!"

अख्खा वर्ग मला आय म्हणाला! मला मिशासुद्धा होत्या हो तेव्हा. रडकुंडीला येऊन बाईंकडे गेलो, तर त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "दलपत, आमच्या गावी आय म्हणजे होय."

त्यांच्या गावचं असं पुष्कळ होतं. भिंतीवर चित्र होतं, घागरा घातलेला दाढीवाला, काखेत पिशवी, पिशवीला नळ्या.

"बाई, याच्या काखेत बकरा आहे का?" सुसानानं विचारलं.

"बकरा नाही गं, पावरी!" जेठ्या ओरडला. "माझा बाप वाजवतो, भोपळ्याची! याला भोपळा मिळाला नाही वाटतं."

बाईंना इतका आनंद झाला की त्या दिवशी सगळ्यांना आंबील. त्यांच्याकडे म्हणे असंच काहीतरी सकाळी खातात, मीठ घालून. पोरांना वाटायचं, स्कॉटलंड म्हणजे अक्कलकुव्याच्या पलीकडचा डोंगर.

आता मुद्द्याचं. कोणी पडलं, झडलं, रडलं की बाई त्याला मांडीवर घ्यायच्या, पदर नव्हता म्हणून झग्याच्या टोकानं डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "दिना ग्रीट, बेर्न, दिना ग्रीट."

मी दारातून ऐकायचो. आमच्या शहाद्याकडे दिना म्हणजे दिला. आंबा दिना, रुपया दिना. आणि ग्रीट? डिक्शनरी उघडली. स्वागत करणे, नमस्कार करणे. म्हणजे नमस्कार दिला! वा! रडणाऱ्या पोराला नमस्कार द्यायचा! काय थोर रीत! आणि बाईंनी आपली अहिराणीसुद्धा उचलली! बेर्न काही कळलं नाही, पण दोन शब्द जमले की तिसरा मी सोडून देतो.

मग बाईंची छाती कफानं भरू लागली. पावसाळा संपता संपता त्यांना जहाजानं घरी नेलं. जाताना पोरांना म्हणाल्या, "मोहाची फुलं पडली की मी आलेच."

फुलं पडू लागली. पोरं रोज ओंजळभर घेऊन यायची, टेबलावर ठेवायची. "गुरुजी, पडली. आल्या का?"

तेवढ्यात निरोप आला, मोठ्या मिशनचा साहेब, तोही स्कॉटलंडचाच, भेटीला येतोय! मी ताबडतोब ताडलं. म्हातारीला परत एवढ्या लांब पाठवायचं की नाही, हे बघायलाच येत असणार!

"पोरांनो, साहेब खूश झाला की बाई परत! तुम्हाला ग्रीट येतं ना?"

"येतं की!" जेठ्या म्हणाला. "पण बाई तर नको म्हणायच्या."

"आता मी म्हणतो, करा!"

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी! पार शहाद्याला ऐकू गेलं पाहिजे!"

"आणि येत नसलं तर?" सुसानाचा प्रश्न.

"बाईंची आठवण काढा. आपोआप येईल!"

हे वाक्य माझं, मंडळी. मीच बोललो.

साहेब नवापूर स्टेशनवरून रेवजीच्या बैलगाडीतून आला. उतरला तो टोपी हातात घेऊनच. तोंड असं पडलेलं, की मला वाटलं गाडीनं आतडी हलली. मी कार्यक्रम मशीनवर दोन बोटांनी टाइप केला होता, तो पुढे केला. पहिलीच ओळ, साहेब बसले की मुलं ग्रीट करतील. व्हेरी लाउड.

साहेबानं वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे भरले.

"दे नो?" तो हळूच म्हणाला.

नो? नाही कसं? "यस सर! यस, यस!" मी त्याला खुर्चीत दाबलाच आणि पोरांना खूण केली.

अहाहा! जेठ्यानं असा गळा काढला की छपरावरचे पारवे उडाले! मागून सुसाना, मागून पहिली, दुसरी, तिसरी. शाळा नव्हे, रडण्याचा कारखाना! साहेबानं रुमाल काढला. मी मनात म्हटलं, स्वागत भलतंच लागू पडलं! जेठ्याची आई रूपीबाई मोहाची टोपली टाकून धावत आली आणि कोण गेलं ते न विचारताच छाती बडवून रडू लागली. रेवजी दारात उभा.

"काय व्हयनं गुरजी? कोन मरी गया?"

"कोणी नाही रे! स्वागत चाललंय!"

"आसं स्वागत?" रेवजीनं डोक्याचं फडकं काढलं.

तेव्हा कुठे मला शंका आली. जेठ्याच्या कानाशी वाकलो. "अरे, रडता काय? ग्रीट करा ना!"

"करतोय की गुरुजी! दिना ग्रीट, म्हणजे रडू नको. तुम्ही म्हणालात, आज रडा."

माझ्या पायाखालची शहाद्याची डिक्शनरी सरकली! साहेबाकडे धावलो. "सर! मिस्टेक! राँग ग्रीट!"

साहेबानं माझा खांदा धरला आणि चक्क मराठीत बोलला. त्याला मराठी येत होतं! मीच बोलू दिलं नव्हतं.

"रडू द्या त्यांना, मास्तर. बाईला शेवटपर्यंत हीच मुलं दिसत होती."

"शेवटपर्यंत?"

त्यानं रुमाल खाली घेतला. "तुम्ही म्हणालात, मुलांना ठाऊक आहे."

नो म्हणजे ठाऊक. केपासून सुरू होणारा नो. तो माझ्या पानांत होता, मंडळी.

साहेबानंच उठून पोरांना सांगितलं. मकाबाई वारल्या. त्यांच्या गावी, बर्फात.

आणि पोरं गप्प झाली. एकदम. रूपीबाईचा हुंदका तेवढा उरला. खरं कळलं आणि एकालाही रडू येईना.

जेठ्यानं बाहीला नाक पुसलं. "गुरुजी, कमी पडलं का? अजून मोठ्यानं करू?"

मी  तिथेच जमिनीवर फतकल मारली. मिशावाला मास्तर, साहेबासमोर!

सुसाना उठून आली. फ्रॉकच्या टोकानं माझे डोळे पुसू लागली, नाकही पुसलं.

"दिना ग्रीट, गुरुजी," ती म्हणाली. "दिना ग्रीट."

ग्रीटचा अर्थ मी डिक्शनरीत खोडून नवा लिहिलाय. दिनाचा मात्र बदलायला तयार नाही. साहेब म्हणतो, दिना म्हणजे नको. असेल त्यांच्याकडे. आमच्या शहाद्याकडे दिना म्हणजे दिला.