तिन्ही प्रती सुरक्षित

करंबेळकरांच्या कॉम्प्युटरच्या पोटातून कट् कट् असा आवाज येऊ लागला, तेव्हा घरातल्या दोघांनी तो दोन प्रकारे ऐकला. विजयालक्ष्मीबाईंना वाटलं, पाल चुकचुकते आहे. सूर्यकांतरावांना वाटलं, वॉरंटी अजून संपलेली नाही.

सूर्यकांतराव केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. उभा जन्म दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून अलीकडेच ते गाझियाबादच्या वैशालीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आले होते. फ्लॅट नवा, रस्ते व्हायचे होते, आणि वीज पाहुणीसारखी येऊन जायची. हक्काची गोष्ट सोडायची नाही आणि खोट्या कागदावर सही करायची नाही, या दोन तत्त्वांवर त्यांनी नोकरी केली होती. त्यामुळे प्रमोशन उशिरा मिळालं, पण झोप चांगली लागायची.

हा आवाज हार्ड डिस्कचा आहे, हे त्यांनी झाकण उघडून, कान लावून ठरवलं. कट् कट् झालं की पडदा गोठायचा. संध्याकाळी जरा गार झालं की सगळं पुन्हा सुरळीत.

"अहो, केतकीचं सगळं त्यातच आहे ना?" विजयालक्ष्मीबाईंनी विचारलं. "सोमवारी द्यायचाय तिला प्रबंध."

केतकी दिल्लीत मुनिरक्याला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची आणि यमुनेच्या पुरावर एम.फिल. करायची. खोलीत तिघींत मिळून एक टेबलफॅन होता, कॉम्प्युटर कुठून असणार? म्हणून दर रविवारी ती वैशालीला येऊन घरच्या कॉम्प्युटरवर काम करायची. पुराचे नकाशे इतके जड होते की फ्लॉपीत मावत नसत. जाताना म्हणायची, "बाबा, बॅकअप तुम्ही घ्या हं." लेकीने आपल्यावर काही सोपवलं याचा सूर्यकांतरावांना फार अभिमान होता.

"तीन प्रती आहेत," ते म्हणाले. "मूळ प्रत सीमध्ये, कार्यालयीन प्रत डीमध्ये, आणि संदर्भासाठी एक ईमध्ये. दर रविवारी मी स्वतः करतो."

"मला ते सी, डी, ई काही कळत नाही."

"कळायची गरज नाही. सरकार असंच चालतं."

"म्हणूनच विचारतेय," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी रजा टाकून सूर्यकांतरावांनी डिस्क काढली, हरवू नये म्हणून तिच्यावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि टॉवेलात गुंडाळून नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेली. काउंटरवर अंकुर नावाचा इंजिनिअर होता. आत एसी असा काही लावला होता की बाहेरच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला हुडहुडी भरावी. अंकुरने डिस्क आपल्या मशीनला जोडली. ती शहाण्या मुलीसारखी निमूट चालली.

"सर, पास है. कोई खराबी नहीं."

"घर पे आवाज करती है."

"यहां तो नहीं कर रही, सर. हम जो देखते हैं वही लिखते हैं."

हे वाक्य सूर्यकांतरावांनी स्वतः अनेकांना ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते इतकं लागतं, हे त्यांना आज कळलं. डॉक्टरसमोर दुखणं पळतं तसंच हे. पण दुखणं पळालं कशाने, याचा त्यांनी विचार केला आणि वर एसीकडे पाहिलं.

"एसी बंद कीजिए."

"सर, पूरी बिल्डिंग का है."

"तो मुझे डिस्क दीजिए."

सूर्यकांतराव डिस्क घेऊन बाहेरच्या गच्चीवर गेले आणि तिला कठड्यावर उन्हात ठेवून, वाळवणाला राखण बसावं तसे शेजारी उभे राहिले. येणारेजाणारे "सर, सॉफ्टवेअर? गेम? विंडोज?" असं कानात कुजबुजत होते. डोक्यावर रुमाल, कपाळावर घाम, पण माणूस हलला नाही. चटका बसण्याइतकी तापल्यावर त्यांनी ती धावत आत नेली. अंकुरने जोडली मात्र, आणि डिस्क अशी कडाडली की रांगेतले लोक मागे सरले.

"देखा?" सूर्यकांतरावांचा चेहरा उजळला.

"देखा, सर," अंकुरने हार मानली. "डेड लिख देता हूं. नई मिल जाएगी. डेटा का क्या? पुरानी वापस नहीं मिलती."

"डेटा की चिंता मत कीजिए," सूर्यकांतराव म्हणाले, आणि रांगेतल्या लोकांनाही ऐकू जाईल अशा बेताने पुढे म्हणाले, "मैं तीन कॉपी रखता हूं."

घरी येऊन त्यांनी नवी डिस्क बसवली आणि कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळा. सी रिकामं असणार हे त्यांनी धरलंच होतं. पण डी दिसेना, ईसुद्धा दिसेना. स्क्रू पिळून झाले, वायरी दाबून झाल्या, कॉम्प्युटर तीनचारदा चालू-बंद करून झाला. शेवटी त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"अंकुरजी, सी तो आपके पास गया. लेकिन मेरा डी और ई कहां है?"

"सर, वो भी उसी में थे. डिस्क एक ही होती है. उसी के हिस्से करके सी, डी, ई नाम देते हैं."

सूर्यकांतरावांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती, आणि ती नव्या फ्लॅटची असल्याने तिच्यावर आधीच फारसा भरवसा नव्हता. बायकोला सांगावं लागलं.

"म्हणजे," विजयालक्ष्मीबाई सावकाश म्हणाल्या, "तिन्ही प्रती तुम्ही एकाच कपाटात ठेवल्या होत्या?"

"खण वेगळे होते."

"आणि कपाट?"

"देऊन आलो."

इतक्यात फोन वाजला. केतकी होती.

"बाबा, मी रविवारी सकाळीच येते. प्रिंट काढून निघते. नकाशे ठीक आहेत ना?"

सूर्यकांतरावांनी डोळे मिटले. वर्षभर ही पोरगी यमुनेच्या काठाने चिखल तुडवत हिंडली होती. उन्हाने काळी ठिक्कर पडली होती. सोमवार चुकला तर वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर तिची शिष्यवृत्तीही.

"आहेत," ते म्हणाले. नकाशे होतेच. कुठे होते, हे तिने विचारलं नव्हतं. पण असल्या पळवाटेने त्यांचं समाधान होईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना लेकीचा फोन लवकर संपावा असं वाटलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

शनिवारी सेंटर उघडायच्या आधी ते दाराशी हजर होते. अंकुर त्यांना पाहून दचकला.

"अंकुरजी, वो डिस्क डेड नहीं है."

"सर, कल आपने ही तो डेड कराई."

"आपने खुद कहा था, पास है."

"वो पहले कहा था. बाद में आप धूप में सेंककर लाए." अंकुरने मागच्या कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. "वो देखिए. दोपहर को गाड़ी आएगी, सब माल मानेसर के डिपो जाएगा. वहां सब साफ कर देते हैं."

खोक्यात वरच सूर्यकांतरावांना आपल्या नावाची चिठ्ठी दिसली. हाताच्या अंतरावर लेकीचं वर्ष पडलं होतं, आणि मध्ये काउंटर होता. त्यांनी विनंती केली. वय सांगितलं. जन्मात कधी सांगितलं नव्हतं ते हुद्द्याचं नावही सांगून पाहिलं.

"सर, मैं समझता हूं. लेकिन डेड डिस्क कस्टमर को देने का रूल नहीं है. नौकरी जाएगी मेरी."

हेच तर ते स्वतः सांगत आले होते. त्यांनी नवी डिस्क काउंटरवर ठेवली. "ये वापस ले लीजिए. मुझे मेरी पुरानी चाहिए."

"अच्छी डिस्क वापस नहीं होती, सर. सिर्फ खराब वापस होती है."

आणि इथे सूर्यकांतराव थबकले. नियमात फट कुठे असते, हे नियम करणाऱ्यापेक्षा नियमात जन्म काढलेल्या माणसाला जास्त कळतं.

"अच्छा," ते अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "ये खराब निकली, तो बदले में क्या मिलेगा?"

"नई तो आज खत्म है. पुराने माल में से टेस्ट करके जो पास हो, स्टिकर लगाकर वही देंगे."

"कौन सा पुराना माल?"

अंकुरने खोक्याकडे पाहिलं. मग सूर्यकांतरावांकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने कीबोर्ड जवळ ओढला आणि मान खाली घातली.

"तो सर, इस नई वाली में क्या खराबी है?"

आता खरं घोडं अडलं. नवीकोरी डिस्क बिचारी निर्दोष होती. "आवाज करते" एवढं म्हटलं की काम होणार होतं. जन्मभर जपलेलं तत्त्व एका पारड्यात आणि केतकी दुसऱ्यात. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं, खाली कुठली तरी गाडी हॉर्न वाजवत होती.

"इसमें," ते अखेर म्हणाले, "मेरी बेटी की थीसिस नहीं है."

अंकुरची बोटं थांबली. मग तो टाइप करता करता मोठ्याने वाचू लागला, "शिकायत. कस्टमर का जरूरी डेटा इस डिस्क से पढ़ा नहीं जा रहा. ठीक है, सर?"

"बिल्कुल ठीक है," सूर्यकांतराव म्हणाले आणि त्यांनी सही केली. अक्षर न अक्षर खरं होतं.

अंकुरने खोकं ओढलं, पण नियमाप्रमाणे डिस्क खालून, आलेल्या क्रमाने काढायला सुरुवात केली. पहिली डिस्क मशीनला लावली. ती पास झाली असती तर तीच गळ्यात पडली असती. दुसऱ्याच्या वस्तूचं वाटोळं व्हावं अशी प्रार्थना सूर्यकांतरावांनी आजवर केली नव्हती, ती आज केली. पहिली फेल. दुसरी बराच वेळ नीट चालली. मग तीही फेल. आणखी दोन गेल्या. शेवटी चिठ्ठीवाली आली.

रात्रभर एसीत राहून ती गारेगार झाली होती. पडद्यावरची निळी पट्टी पुढे सरकू लागली. अर्धी झाली. पाऊण झाली. अगदी टोकाला पोचली आणि आतून बारीकसं कट् आलं. अंकुरने ऐकलं. सूर्यकांतरावांनी ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"पास," अंकुर म्हणाला.

त्याने करंबेळकरांच्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, तिथे कंपनीचं चकचकीत स्टिकर लावलं आणि डिस्क पुढे सरकवली. "मुबारक हो, सर. रिप्लेसमेंट. इसको गरम मत होने देना."

सूर्यकांतरावांना त्या पोराला मिठी मारावीशी वाटली. पण मध्ये काउंटर होता. ते जिने उतरून पहिल्याच एसीवाल्या दुकानात घुसले आणि केतकीचा प्रबंध, सगळ्या नकाशांसकट, सीडीवर उतरवून घेतला. दुकानदाराला टेबलफॅनही डिस्कसमोर लावायला लावला. तीन सीड्या केल्या. एक ब्रीफकेसमध्ये ठेवली, एक शर्टाच्या खिशात, आणि तिसरी दुकानदार नको नको म्हणत असताना त्याच्याच ड्रॉवरमध्ये ठेवून आले.

रविवारी केतकी आली. बाबांनी तिला सीडी दिली. "कॉम्प्युटरला जरा विश्रांती दिलीय. बाजारातून प्रिंट काढू." तिने सोमवारी प्रबंध दिला आणि मुनिरक्याला जाऊन दिवसभर झोपली. यमुनेचा पूर एकदाचा ओसरला.

पुढच्या रविवारी सगळे जेवून बसले होते. बाहेर तापलेल्या वाऱ्याची लू वाहत होती आणि कॉम्प्युटर पुन्हा कट् कट् करत होता. फोन वाजला. कंपनीकडून कोणी मुलगी बोलत होती. नव्या जमान्याच्या कंपन्या, वस्तू विकल्यावर चौकशीही करतात.

"सर, आप हमारे रिप्लेसमेंट से संतुष्ट हैं?"

"पूरी तरह," सूर्यकांतराव म्हणाले.

"थँक यू, सर. डिस्क ठीक चल रही है?"

"बिल्कुल नहीं."

"सर, तो मैं असंतुष्ट लिख दूं?"

"क्यों? मैंने कहा ना, संतुष्ट हूं. ऐसी सर्व्हिस मैंने नहीं देखी."

"लेकिन सर, डिस्क खराब है तो सिस्टम संतुष्ट नहीं लेता. फिर से बदलवा दूं?"

"खबरदार, किसी ने हाथ लगाया तो."

"सर, दोनों साथ में नहीं हो सकते. ऐसा ऑप्शन ही नहीं है."

सूर्यकांतरावांनी खुर्ची सरसावली, चष्मा चढवला आणि आवाज ठेवणीतला लावला. "ऑप्शन नहीं है? आप अपने सीनियर को फोन दीजिए. नहीं, मैं होल्ड करता हूं."

केतकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "आई, बाबा आता कशासाठी भांडतायत?"

"समाधानी आहेत," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, "आणि ते लिहून घ्या म्हणतायत."