हेडक्लार्कबाईंनी स्वमत सर केले त्याची हकीकत

सुज्ञ वाचकांचे चरणी लेखकाचा दंडवत. हल्ली कोणी घरचा पंखा पुसला तरी त्याचे फोटो चार मुलखांत फिरतात, आणि खरे पराक्रम मात्र कोणी कागदी उतरवीत नाही, हे पाहोन चित्त बहुत खंतावले, म्हणोन चौपन्नावे वर्षी एका बाईंनी कॉलेजावर जी मोहीम केली तिचे साद्यंत वर्तमान, पदरचे न घालता, निदान फारसे न घालता, पुढे लिहिले आहे.

वर्तमान ऐसे जे, टिपणीधुरंधर, फाइलपालक, शिक्काबहाद्दर हेडक्लार्कबाई यांणी पाणीपुरवठ्याचे दफ्तरी सव्वीस वर्षे इमानेइतबारे चाकरी केली आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्याही पूर्वी, ऐन तारुण्यात, बी.ए.ची दोन वर्षे सर करोन तिसऱ्यावर मोर्चे लावणार तोच लग्न ठरले, आणि वडीलधाऱ्यांचा हुकूम सुटला की शेवटले वर्ष लग्नानंतर करावे. लग्नानंतर म्हणजे केव्हा, हे हुकमात नमूद नव्हते. त्यास एकतीस वर्षे जाहली.

मग एके सकाळी बाईंनी नाश्त्याचे टेबलावर जाहीर केले की ते वर्ष आता पुरे करणार. यजमान, जे पेन्शनीत निघाल्यापासोन वर्तमानपत्राची तटबंदी उभारोन तिचे आडून राज्य करीत, त्यांणी तटावरोन डोके काढिले आणि फर्माविले, "या वयात? आणि त्या डिग्रीचं काय लोणचं घालणार आहेस?" परगावी नोकरीस असलेल्या कन्येस खबर जाताच तिणे फोनवर बारा लाल बदाम धाडिले, आणि तेराव्या ठिकाणी विचारिले की, "पण मग बाबांच्या जेवणाचं काय?" बाईंनी दोन्ही अभिप्रायांची नोंद घेतली आणि कूच केले.

पहिली लढाई प्रवेशाचे खिडकीवर जाहली. खिडकीआडील सरदाराने मान वर न करिता म्हटले, "पाल्याला पाठवा, त्याची सही लागते." बाई म्हणाल्या, "पाल्यच उभा आहे." तेव्हा सरदाराने चष्मा पुसला आणि नेहमीची हत्यारे उपसली. त्याने जुने गुणपत्रक मागितले, ते निघाले. साक्षांकित प्रती तीन मागितल्या, बाईंपाशी चार होत्या. मग त्याने ब्रह्मास्त्र सोडिले, ते शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र, ज्यापुढे भले भले गारद होऊन दुसरे दिवशी या ऐसे ऐकोन माघारी जातात. तेही बाईंचे पिशवीत तयार होते. त्यात खंडाचे कारण लिहावयाचा रकाना दोन बोटे रुंद, आणि त्यात एकतीस वर्षे माववावयाची, सबब बाईंनी "घरगुती" इतकेच लिहिले होते. सरदाराने उभ्या जन्मी ऐसा गनीम पाहिला नव्हता. त्याने निमूट शिक्का मारिला.

मग वर्गात स्वारी दाखल होताच सारी तरुण फौज खडबडोन उभी राहिली, कारण त्यांस वाटले तपासणीच आली. बाई तिसऱ्या बाकावर बसल्या तेव्हा फौजेस हायसे वाटले आणि शेजारच्या मुलीने, जिचे केसांस निळा रंग होता आणि जीस पुढे बाई मनात निळी म्हणो लागल्या, आपली पिशवी काढोन जागा करोन दिली. वर्गाच्या प्राध्यापिका कन्येच्याच वयाच्या. त्यांचा पहिलाच हुकूम ऐसा की, घर चालवणे हे काम आहे काय, या विषयावर हरएकाने स्वतःचे मत लिहोन आणावे. गुण वीस, आणि ज्यास आठांहून कमी पडतील त्यास अंतिम परीक्षेस बसता येणार नाही. म्हणजे राहिलेले वर्ष पुन्हा राहणार, आणि या खेपेस पुढे ढकलावयास लग्नही नाही.

बाईंस वाटले, लिखाण म्हणजे आपला हातचा मळ. त्यांणी दोन दिवसांत मजकूर सिद्ध केला. वर विषय, खाली संदर्भ क्रमांक एक ते अकरा, मग काम आहे म्हणणारांचे म्हणणे, मग काम नाही म्हणणारांचे म्हणणे, दोन्ही पारडी सोनाराने तोलावी तैसी, आणि शेवटी, "सबब, योग्य त्या निर्णयास्तव सविनय सादर." प्राध्यापिकांनी तो कागद परत धाडिला, वर शेरा: तुमचे मत कोठे आहे?

आता शेरा आला म्हणजे पूर्तता करावी हे सव्वीस वर्षांचे वळण. बाईंनी पूर्तता केली. यजमानांचे मत, कन्येचे मत, निळीचे मत ऐसे गोळा करोन पुरवण्या जोडिल्या, आणि तळाशी "मान्य / अमान्य" ऐसे दोन चौकोन आखोन प्राध्यापिकांस सहीची जागा सोडिली. तो ऐवज प्राध्यापिकांनी अथपासोन इतिपर्यंत चाळिला. मग बाईंस बोलावोन म्हणाल्या, "मावशी, मी सही करायची नाहीये. मला तुमचं मत हवंय. हे असंच राहिलं तर दोन गुण. शुक्रवारी बारापर्यंत थांबते, त्यापुढे मला थांबता येणार नाही."

येथे पूर्ववृत्त सांगणे अगत्य. चाकरीचे पहिल्या आठवड्यात बाईंनी एका टिपणीत लिहिले होते की, माझ्या मते अमुक जलवाहिनी बदलावी. साहेबांनी ते सबंध वाक्य तांबड्या शाईने खोडिले आणि समासात लिहिले की लिपिकास मत नसते. पुढे महिन्याने ती जलवाहिनी फुटोन अवघी गल्ली गुडघाभर पाण्यात गेली, आणि बाईंनी त्या फुटीची टिपणी, कोणतेही मत न घालता, ऐसी सुरेख लिहिली की साहेबांनी शाबासकी दिली. तेव्हापासोन बाईंचे मत जे रजेवर गेले ते रुजूच जाहले नव्हते.

गुरुवारी दोन प्रहरी बाई जेवणाचे टेबलावर बसल्या, "माझे मत असे की" इतके लिहिले, आणि कलम थांबले. एक तास गेला, दुसरा गेला. पुढे काही येईना. बाईंस भय वाटो लागले की आत खरोखरच काही उरले नसावे. तो तटबंदीपलीकडून यजमान, मदत करावी या शुद्ध हेतूने, वदले, "एवढा विचार कसला करतेस? लिहून टाक. घर काय, आपोआप चालतं."

बाईंस राग आला. सव्वीस वर्षे जो राग फायलीस लावोन ठेविला होता तोही बरोबर आला. मग कलम जे सुटले ते नऊ पृष्ठे थांबले नाही. चहाचे वेळी यजमान दोनदा खाकरले, दाद लागली नाही, तेव्हा स्वतः स्वैपाकघरावर चालोन गेले आणि साखर कोठे असते हे पुसावयास माघारी आले. बाईंनी तोही पुरावा ताबडतोब सातव्या पृष्ठी दाखल केला.

शुक्रवारी बारास पाच मिनिटे कमी असता कागद रुजू जाहला, आणि सोमवारी निकाल लागला: विसांत अकरा. पृष्ठे मर्यादेबाहेर आणि संदर्भ एकही नाही, म्हणोन गुण कापिले. बाई उभ्या राहिल्या आणि भर वर्गात म्हणाल्या, "मला हे मान्य नाही. संदर्भ कुठून आणू? हे कुणी लिहूनच ठेवलेलं नाहीये." प्राध्यापिका म्हणाल्या, "पटतंय मला, मावशी. पण गुण वाढवता येणार नाहीत, तसा नियम आहे." विद्येच्या दरबारी पटणे हे एक खाते आणि गुण देणे हे दुसरे, हे बाईंसारख्या दफ्तरी मुरलेल्या मनुष्यास समजावोन सांगावे लागले नाही. निळीने मात्र टाळ्या वाजविल्या, आणि तिचे देखादेखी मागल्या बाकांनीही.

घरी येऊन बाईंनी ती नऊ पृष्ठे यजमानांपुढे ठेविली. त्यांणी वर्तमानपत्र घडी करोन बाजूस सारिले आणि पाऊण तास, ओठ हलवीत, सारे वाचिले. सातवे पृष्ठ दोनदा वाचिले. मग म्हणाले, "हे सगळं तुझ्या मनात होतं? मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

बाई म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही. वीस गुणांसाठी का होईना, त्या प्राध्यापिकेनं विचारलं."

येणेप्रमाणे सोमवारी, दिवेलागणीपूर्वी, अकरा गुण हस्तगत होऊन अंतिम परीक्षेची वाट मोकळी जाहली आणि मोहीम फत्ते पावली. पराक्रम कमी लेखो नये, इतके लिहोन लेखणी ठेविली असे.