तिसरं बटण, दुसरा मजला

सकाळच्या चहाला नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं ते नवरोबांनी आदल्या दिवशी कचेरीतल्या बैठकीत बोलून घेतलं होतं. प्रोग्रामात काही नाही, चूक लायब्ररीत आहे, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. प्रोग्राम त्यांचा होता. लायब्ररी बायकोची.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. बायकोनं लिहून, यंत्राच्या भाषेत उतरवून म्हणजे कंपाइल करून, बांधून दिलेलं ते कोडाचं गाठोडं. लिफ्टनं कुठल्या मजल्यावर थांबायचं ते त्याला ठाऊक; नवरोबांच्या प्रोग्रामनं नुसतं त्याला विचारायचं आणि दार उघडायचं. कंपनीच्याच इमारतीतली लिफ्ट या जोडीच्या भरवशावर सोडली, आणि तिसरं बटण दाबलं की दुसऱ्यावर उतरवायचा लिफ्टनं नेम धरला. दुसऱ्यावर दातांचा दवाखाना होता. तिसऱ्यावरच्या आपल्या केबिनकडे निघालेले साहेब फोनवर बोलत बोलत रोज सरळ आत शिरायचे. त्यांची एक दाढ भरून झाली होती, दुसरीची तारीख ठरली होती.

आज दुपारी एका मोठ्या रुग्णालयाच्या संचालकबाई लिफ्ट बघायला येणार होत्या.

"चूक माझी निघाली तर मी बैठकीत उभी राहून सांगेन," दाराला कुलूप लावताना बायको म्हणाली. "तुझी निघाली तर तू."

"चालेल की," नवरोबा म्हणाले. ज्याची चूक कधी नसतेच, त्याचं काय जातं?

कचेरीत पोचताच बायकोनं दुरुस्त लायब्ररी पाठवली. नवरोबांनी प्रोग्राम पुन्हा बांधला, खाली जाऊन तिसरं बटण दाबलं. दवाखाना. तिनं ओळ न् ओळ तपासून दुसरी पाठवली. दवाखाना. नवरोबांनी कळवलं की घाई नाही, जमेल हळूहळू. एवढं मोठं मन सगळ्यांच्या नशिबी नसतं. पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या बाईंनी त्यांचं नाव-वय विचारलं आणि खुर्चीत बसवलं.

शेवटी बायको स्वतःच उठून आली. बटण कुठलंही दाबा, लिफ्टनं जागचं हलायचंच नाही, अशी एक ओळ तिनं या वेळी लायब्ररीत घातली होती. प्रोग्राम बांधून दोघं तळमजल्यावर लिफ्टमध्ये उभी राहिली आणि तिसरं बटण दाबलं. लिफ्ट डौलात वर गेली आणि दुसऱ्यावर दार उघडलं.

"बघ," नवरोबा मायेनं म्हणाले, "तुला बंदसुद्धा पाडता येईना."

बायको रागावली नाही. ती हसली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच नवरोबा एक पाऊल मागे सरकले.

"अरे, मी घराला कुलूप लावलं आणि तू आत जाऊन पाय पसरलेस. म्हणजे ते घर माझं नाहीच. कुणाकडे शिरतोयस?"

शोधाशोध झाली. नवरोबांच्याच फोल्डरात, एका कोपऱ्यात, एक जुनी कंपाइल केलेली लायब्ररी निघाली. प्रोग्राम बांधताना जोडायची लायब्ररी आधी तिथे शोधायची, असं त्यांनीच कधीतरी लिहून ठेवलं होतं. सकाळपासून नवं नवं येत होतं आणि प्रोग्राम जुन्याच्याच गळ्यात पडून होता. फाइलवरची तारीख लग्नाच्या आधीची. तिनं त्यांना दिलेली ती पहिली लायब्ररी. कुणी पुस्तकात फूल ठेवतं. नवरोबांनी हे ठेवलं होतं.

"पुसून टाकू?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"पुसू नकोस," ती तितक्याच हळू म्हणाली. "वाटेतून बाजूला ठेव फक्त."

कुलपाची ओळ काढली, नवी लायब्ररी जोडली. दुपारी संचालकबाई तिसऱ्यावर अगदी अलगद उतरल्या. बरोबर साहेब होते. दार उघडताच सवयीनं त्यांनी आ वासला, मग स्वतःची केबिन ओळखून मिटला.

संध्याकाळच्या बैठकीत नवरोबा उभे राहिले आणि चूक माझीच होती, मी जुनी प्रत जोडली होती, एवढं त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. साहेबांनी गाल चोळत विचारलं की त्या जुन्या प्रतीत तळमजल्याला पहिला मजला धरायची अक्कल कुणाची? नवरोबांनी मान वर केली. जुनी का होईना, लायब्ररी तिचीच होती.

"ह्यांचीच," बायको म्हणाली. "तळमजला हाच पहिला, म्हणून हटून बसले होते. तेव्हा हे म्हणतील त्याला मी हो म्हणायचे." तिनं वही मिटली. "ती आवृत्ती लग्नानंतर बंद झाली, साहेब. ह्यांनी अजून अपडेट केलेलं नाही."