हँडिकॅप

पोरगी द्यायला आलेल्या उकंडरावांनी उत्तमरावाला नाव-गाव काही विचारलं नाही; आधी दोन्ही हात मागितले. पंजे उलटेसुलटे केले, बोट अन् बोट ओढून पाहिलं.

"मूठ वळा बरं. आता सुईत दोरा ओवा."

उत्तमराव अमडापूरचा शिंपी. शिंप्याचे हातच पाहणार, असं त्याने मनाशी धरलं. पायाकडे कोणी बघत नाही, याचंच त्याला अप्रूप. डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता आणि आलेलं प्रत्येक स्थळ त्या पायावरून परत गेलं होतं. वडनेर भोलजीचं हे तेवढं पाय कळूनही आलं होतं. मध्यस्थ नारायणराव गुरुजींनी स्वतः जाऊन सांगितलं होतं.

गुरुजींना 'लंगडा' शब्द सोसत नसे. पूर्वी ते मोठ्या मायेने 'क्रिपल' म्हणत. इंग्रजीत हिणवलं तरी मानपत्रासारखं वाटतं, म्हणून उत्तमरावाचीही तक्रार नव्हती. पण नवं राज्य आलं, नवे साहेब आले. शाळा तपासता तपासता एकाने गुरुजींना झापलं, "क्रिपल म्हणणं आता असभ्य समजतात. हँडिकॅप म्हणा." तेव्हापासून उत्तमराव हँडिकॅप झाला. पाय होता तिथेच होता.

दोरा एका फटक्यात ओवला गेला. उकंडराव खुलले.

"हात त सोन्यावानी हायेत! लोक काहीबी बोलतेत. पडा पाया, जावईबापू!"

उत्तमराव मशीनला धरून उठला आणि पाय ओढत पुढे आला. उकंडरावांनी स्वतःचे पाय मागे घेतले.

"हे काय जी? पाय?"

"मी सांगितलं होतं ना," गुरुजी म्हणाले, "हँडिकॅप आहे म्हणून."

"हँड म्हंजे हात! मीबी शाळा शिकलो, गुरुजी. हाताची खोड सांगतली अन् पाय झाकला!"

"अहो, त्याचा हाताशी संबंध नाही."

"मंग कायशी हाय? कॅपशी? कॅप म्हंजे टोपी, तेबी मले समजते. टोपी घातली तुमी आमाले!"

उत्तमरावाची आई गोजरबाई हात जोडून आडवी आली. "लंगडा हाय, भाऊ, पन पोरगं गुनाचं हाय."

उकंडराव दारात थांबले. "बाई, माहा सख्खा भाऊ लंगडा हाय. त्याचा संसार मस्त चालू हाय. पहिलेच लंगडा म्हनलं असतं, त आज सुपारी फोडून गेलो असतो. पन झाकपाकीच्या घरात पोरगी कशी देऊ?"

गाडी गेली. भरल्या बशीतले पोहे निवत पडले. गुरुजींनी कपाळाचा घाम पुसला. "साहेबांना विचारून येतो. एखादा नवा शब्द निघाला असेल."

"गुरुजी," उत्तमराव खालमानेने म्हणाला, "आता लंगडाच सांगत जा ना."

"छे, छे!" गुरुजी कळवळले. "असं कसं म्हणू, बाबा? तुझ्या मनाला लागेल."