पाचाची पडताळणी

“चाललंय ना? मग हात लावायचा नाही.”

संगणक जोडून देणारा कारागीर निघताना दारात वळून एवढंच म्हणाला होता. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. यांना तो त्या दिवशीही ऐकू आला नव्हता.

हे वजनमापांचे निरीक्षक. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे, खरे निघाले की तारेला शिशाचं सील ठोकायचं, एकतीस वर्षं हेच काम. आमच्या घरातला चहाचा चमचासुद्धा प्रमाणित आहे.

संगणकाकडे माझं एकच काम होतं. मावशीची नजर चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभरात काय वाचायचं ते वाचून घ्या. तिला माझ्या आईची तेवीस पत्रं पुन्हा एकदा वाचायची होती. बारीक अक्षर दिसेना, आणि कुणी वाचून दाखवलेलं चालेना. “ताईनं मला लिहिलंय,” ती म्हणाली, “दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकू?” मी शब्द दिला, सगळी मोठ्या अक्षरांत छापून आणून देते. चार झाली. पाचवं अर्ध्यावर होतं, तेव्हा यांच्या साडूंचा फोन आला.

“आमचा पाचावर चालतो,” साडू म्हणाले.

यांनी फोन ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “आपला कशावर चालतो?”

“टेबलावर,” सासूबाई म्हणाल्या.

प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो. त्याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. आपला चार पूर्णांक दोन गिगाहर्ट्झवर होता. मला मिनिटाला वीस शब्द जमतात, त्यामुळे बराचसा वेळ तो माझीच वाट बघत बसलेला असे. पण साडू पाचावर असताना आपण चार पूर्णांक दोनवर राहणं हे वजनात मारल्यासारखं झालं. यांनी सेटिंगमध्ये जाऊन आकडा पाच केला.

अकराव्या मिनिटाला पडदा निळा झाला, संगणक बंद पडला आणि पाचवं पत्र गेलं.

दुपारी बारापर्यंत कुणाला उणं बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. यांनी तो हेरून पुढचे सगळे प्रयोग सकाळी ठेवले.

पहिला निष्कर्ष असा निघाला की मेंदूला वीज कमी पडते. व्होल्टेज वाढवलं. वीज वाढली तशी उष्णता वाढली, मेंदू पंच्याण्णव अंशांवर गेला. मग पेटीचं झाकण काढलं. झाकण काढल्यावर धूळ आत जाऊ लागली, म्हणून झाडलोट बंद. घरातला एकुलता टेबलफॅन सासूबाईंच्या खोलीतून पेटीसमोर आला.

“अरे, मला उकडतंय!” सासूबाई म्हणाल्या.

“किती अंश?”

“मला काय माहीत किती अंश? घाम येतोय!”

“आई, घाम हे मोजमाप नव्हे,” हे म्हणाले, आणि त्यांनी सासूबाईंच्या उशाला थर्मामीटर टांगला. सासूबाई एकतीस अंश निघाल्या. संगणक एक्क्याऐंशी. अग्रक्रम ठरला.

सहाव्या दिवशी मी न राहवून म्हटलं, “अहो, पुन्हा चार पूर्णांक दोन करून बघू या का? माझी पत्रं होईपर्यंत?”

“काटा चुकला म्हणून कुणी किलो हलका करतं का?” हे म्हणाले. बारा वाजायला वीस मिनिटं होती. मी भाजी चिरायला घेतली.

मग यांना चूक सापडली. आपण पडताळणीच चुकीची करत होतो. वापर चालू असताना तराजूची कधी पडताळणी होत नाही. आधी माल उतरवायचा, पारडी पुसायची, मग प्रमाणित वजनं ठेवायची. तसाच संगणकही आधी रिकामा हवा. त्यांनी एक ताणचाचणी मिळवली. ती प्रोसेसरला चोवीस तास नुसती गणितं घालते. चोवीस तासांत पडदा निळा झाला नाही, तर मेंदू स्थिर. तोपर्यंत कीबोर्डला तार गुंडाळून तिला शिशाचं सील ठोकण्यात आलं. वर कागद चिकटवला: ‘पडताळणी चालू आहे. वापर वर्ज्य.’

चाचणी एकोणिसाव्या तासाला पडली. त्या क्षणी फ्रिज सुरू झाला होता, अशी नोंद झाली. फ्रिज बंद ठेवला. पुढची चाचणी तेविसाव्या तासाला पडली. त्या क्षणी सासूबाई शिंकल्या होत्या.

“म्हणजे आता मी श्वास घेऊ की नको?”

“घे, पण पलीकडच्या खोलीत,” हे म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले, की त्या खरंच गेल्या.

पंधराव्या दिवशी, पलीकडच्या खोलीतल्या सासूबाई आणि नासलेलं दूध यांच्या बळावर, संगणक चोवीस तास टिकला. यांनी स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र तयार केलं आणि ते भिंतीवर लावलं. मी पत्रांचा गठ्ठा घेऊन आले.

“आता बसू?”

हे थोडे अवघडले. “अगं, बस की. पण सील तुटलं की प्रमाणपत्र रद्द होतं. नियमच आहे. मग पुन्हा पडताळणी.”

“मग हे प्रमाणपत्र कशासाठी?”

“तो वापरण्याजोगा आहे, असं सिद्ध करायला.”

तरी बायकोचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी सील तोडलं. चौथ्या ओळीत, ‘ज्येष्ठ’ लिहिताना, पडदा निळा झाला. यांनी नोंदवहीत कारणापुढे ‘जोडाक्षर’ लिहिलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आईनं पत्रं लिहिताना जरा विचार करायला हवा होता. कीबोर्डला नवी तार बसली.

खरं सांगायचं तर मीही धुतल्या तांदळासारखी नाही. शेजारपाजारचे प्रमाणपत्र बघायला येऊ लागले. “किती?” ते विचारत. आणि हे घरी नसले तर मीच पदर सारखा करून सांगे, “पाच.” “वा!” म्हणत लोक. एकदा तर मी “चोवीस तासांत एकदाही नाही पडला,” असंही म्हणाले, आणि वर त्यांना चहा केला. दूध शेजारून आणून.

एकविसाव्या दिवशी मावशीचा फोन आला. “घाई नाही गं,” ती म्हणाली. “काल खिडकीचे गज दिसत होते, आज नुसता उजेड आहे. पण डावा डोळा अजून बरा आहे. किती झाली?”

एकवीस दिवसांत लोकांनी आमच्या घरी येऊन किती, किती म्हणून विचारलं होतं. पत्रांबद्दल विचारणारी ही पहिली. आणि वाचकहो, रागावू नका, पण तुम्हीही इतका वेळ पाच टिकतो की पडतो, हेच बघत होतात ना? पत्रं किती राहिली, हे आता न मोजता सांगता येईल? एकोणीस.

मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला, खोक्यांवर नावं घालायचा जाड काळा पेन घेतला, आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. एका पानावर सहा ओळी मावतात. आईचं पाचवं पत्र नऊ पानांचं झालं. पेन गरम झाला नाही. सासूबाई पलीकडून येऊन शाई वाळलेली पानं क्रमानं लावत बसल्या. “तुझ्या आईचं अक्षर बरं होतं,” त्या म्हणाल्या, “तुझं जरा वाकडं आहे. पण दिसतं.”

बाराला पाच कमी असताना दोन पत्रं झाली. उरलेली मावशीजवळ बसूनच लिहावीत, म्हणजे एकेक पान ओलं असतानाच तिला मिळेल, असा विचार करून मी गठ्ठा, कागद आणि पेन पिशवीत भरले आणि चपला घातल्या.

“कुठे निघालीस?” यांनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

“मावशीकडे. येईन सगळं झालं की.”

“बरं. दार हळू ओढ हं. बाविसावा तास चालू आहे.”

मी दार हळू ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले.