पूजेतला पाना

स्वतःच्या हातांनी मोटार बांधणाऱ्या माणसाला जगात कुणापुढे हात पसरावा लागत नाही. खंडेनवमीच्या सकाळी साडेदहा वाजता सावळीराम गांगुर्डे सोसायटीच्या तिन्ही मजल्यांवर दारोदार दहा नंबरचा पाना मागत फिरत होते.

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर गांगुर्ड्यांनी पार्किंगमध्ये मोटार बांधायला घेतली होती. इंजिन मोडीतल्या व्हॅनचं, सांगाडा अँगलचा, दारं एका लोखंडी कपाटाची. तीन वर्षांत ती जागची हलली नव्हती. उद्या तिथे दसऱ्याची पंगत बसायची होती. त्यामुळे सोसायटीत ठराव झाला : नवमीला दुपारी बारापर्यंत मोटार चालत बाहेर गेली नाही, तर भंगारात. भंगारवाला साडेनऊपासूनच टेम्पो लावून बसला होता.

राहिलं होतं फक्त क्लचच्या केबलचं काम. केबल बसली होती, पण ढिली. पेडल तळाला टेकलं तरी क्लच सुटत नव्हता. टोकाचा नट चार आटे फिरवून, तो सुटू नये म्हणून मागचा चेकनट आवळला की झालं. गांगुर्डे आंघोळ करून आले, तर हत्यारांची पेटी रिकामी. सगळे पाने देवघरापुढे पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूखाली.

"शुभांगी, दहाचा पाना दे," त्यांनी बायकोला हाक मारली.

"पूजेतलं हत्यार आज उचलायचं नसतं. उद्या घ्या."

"उद्या मोटार भंगारात असेल!"

"एकतीस वर्षांत या दिवशी कंपनीत कधी मशीनला हात लावला होता?"

नव्हता लावला. हाच प्रश्न बाकीच्या अकरा घरांतही आडवा आला. सगळेच सातपूरला नोकरीचे.

गांगुर्ड्यांनी हनीफभाईंना फोन लावला. मालेगावहून येऊन सातपूरला गॅरेज टाकलेला हा जुना दोस्त.

"पाना नाय ना, गांगुर्डेसाहेब. भागीदारानं सगळे पूजेला मांडलेत."

"अहो, पण तुम्हाला काय त्याचं?"

"मला काय नाय. त्याला हाय ना! ईदला तो माझ्याकडं चार वाट्या शीरखुर्मा खातो. मी त्याचा एक दिवस पाना उचलू?"

शेवटी स्वयंपाकघरातली सांडशी सापडली. ती पूजेत नव्हती, कारण शुभांगीताईंच्या मते ते हत्यार नव्हे. सांडशीने नट फिरला. चेकनट मात्र तिला दाद देईना. बॅटरी मेलेली, म्हणून भंगारवाल्याच्याच टेम्पोला वायर जोडून इंजिन सुरू केलं. खात्री करायला सोसायटीचे अध्यक्ष देवरेसाहेब स्वतः शेजारी बसले. पहिला गिअर पडला आणि बाराच्या आत मोटार चक्क गेटबाहेर गेली. भंगारवाल्याचा चहा कपातच राहिला.

त्र्यंबक रस्त्याला लागताच 'टण्' असा आवाज झाला. पेडल जमिनीला टेकलं ते वर आलंच नाही.

"काय पडलं?" देवरेसाहेबांनी विचारलं.

"नट. आता क्लच नाही."

"मग थांबवा!"

"ब्रेक मारला की इंजिन बंद पडणार. मग तुम्ही इतिवृत्तात लिहाल, मोटार बंद पडली."

"नाही लिहीत!"

"लेखी द्या."

"अहो, पेन कुठून आणू? मी उतरतो!"

देवरेसाहेबांनी हँडल शोधलं. कपाट आतून उघडायची सोय कुणी करत नाही. दाराला बसवलेली काच जेमतेम चार बोटं उतरत होती.

मोटार माणसाच्या वेगाने सातपूर ओलांडू लागली. ओळखीचे लोक नमस्कार करत होते, आणि देवरेसाहेब फटीतून हात काढून तो नाइलाजाने घेत होते. मागून शुभांगीताई स्कूटरवर आल्या.

"अहो, जेवायला थांबू का?"

"माझ्याही घरी सांगा!" देवरेसाहेब ओरडले.

पिंपळगाव बहुल्याच्या पुढे पेट्रोल संपलं आणि मोटार आपोआप उभी राहिली. पावणेदोन झाले होते. शुभांगीताईंनी बाहेरून दार उघडलं. देवरेसाहेब धडपडत उतरले.

"जिंकलो ना साहेब?" गांगुर्ड्यांनी बॉनेट थोपटलं. "उद्या पाना मिळाला की परत आणतो."

"परत कुठे? ठराव बाहेर जाण्याचा आहे. आत येण्याचा नाही."

सोसायटीच्या इतिवृत्तात याबद्दल एकच ओळ आहे : विषय क्रमांक चार, पार्किंग रिकामे झाले.